चव्वेचाळीस अंशांचा कोपरा

धाकट्याला कुणाला नाही म्हणता येत नसे, असं नव्हतं. लाकूडवाल्याला तो तोंडावर सांगायचा, तुझी फळी ओली आहे, उचल आणि चालू लाग. पण समोर दादा उभा राहिला की याची वाचा बसायची. बेचाळीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, आणि थोरला भाऊ नुसतं "एवढं एक करून दे" म्हणाला की मान आपोआप हलायची. वडील गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं, हातात रंधा दिला, लग्न लावून दिलं. असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे शिकवणारी शाळा अजून निघालेली नाही.

तीन महिन्यांपूर्वी धाकट्याच्या बायकोला परगावी नोकरी लागली आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली. तिथल्या सुतारकाम शिकवणाऱ्या संस्थेत यालाही जागा मिळाली होती. येत्या सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. "एवढं एक टेबल झालं की येतो," असं त्यानं आतापर्यंत तीनदा सांगितलं होतं आणि तीन टेबलं झाली होती. चौथ्यांदा बायकोनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तुम्ही दादांना सांगणार नाही, हे मला कळून चुकलंय," ती फोनवर म्हणाली. "मग असं करा, हे टेबल बिघडवा. आंधळ्यालाही दिसेल असं बिघडवा. दादा स्वतःच म्हणतील, तुझं लक्ष नाही इथं, जा बाबा बायकोकडे. रविवारी आलात तर आलात. नाहीतर मला पुन्हा तारीख सांगू नका."

बिघडवणं सोपं होतं. दादाच्या दुकानात विकली जायची ती कॉफी टेबलं दिसायला अशी की, एखाद्या जाडजूड ओंडक्यातून सरळ कापून काढलीत. आतून पोकळ. एकाच लांब फळीचे तुकडे करायचे, त्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत तिरक्या कापायच्या आणि ते खोक्यासारखे दुमडून चिकटवायचे, म्हणजे लाकडाच्या रेषा वरून निघून कोपऱ्यावरून खाली उतरतात आणि बघणाऱ्याला सांधा सापडत नाही. सगळी कला काय ती कोपऱ्यात. तिथं केसभर फट दिसली की भरीवपणाचं सगळं सोंग उघडं पडतं. या गावात असला कोपरा फक्त धाकट्याला जमायचा, आणि म्हणूनच तो तिथं अडकला होता.

गुरुवारी दुपारी दादा जेवायला गेल्यावर त्यानं करवतीचं पातं पंचेचाळीसवरून चव्वेचाळीसवर आणलं. एका अंशानं काय होतं म्हणाल, तर आतल्या कडा आधी भिडतात आणि बाहेर नख जाईल एवढी फट राहते. त्यानं चारही कोपऱ्यांच्या कडा भराभर कापल्या. जणू स्वतःच्याच घरात चोरी करतोय, असं वाटत होतं. काम उरकल्यावर पातं परत पंचेचाळीसवर आणायचंही त्याला सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी, चिकटवण्याआधी, फट किती दिसते ते बघावं म्हणून त्यानं दोन फळ्या एकमेकींना लावून पाहिल्या. दिसत होती. चांगली ढळढळीत दिसत होती. तो खूश झाला. मग त्याला वाटलं, एवढी नको. एवढी फट मुद्दाम केल्यासारखी वाटेल. लक्ष नसलेल्या माणसाची चूक जरा लहान असते. म्हणून त्यानं रंधा घेऊन आतली कड थोडी घासली. आता हा कोपरा बाकीच्या तिन्हींपेक्षा बरा दिसायला लागला, तेही विचित्रच. मग तिन्ही कोपऱ्यांना त्याच्या बरोबरीला आणलं. चौथ्याला रंधा जरा जास्त लागला, म्हणून पहिल्याला पुन्हा. रंध्यातून पातळ, लांब साली निघत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं.

दुपारी त्यानं फळ्या चिकटपट्टीवर ओळीनं पालथ्या मांडल्या, खाचांतून गोंद सोडला आणि टेबल दुमडलं. केसाएवढी रेघ उरली होती. म्हटलं, असू दे, एवढी पुरे. मग गोंद ओला असतानाच त्यानं पेचकसाची गोल दांडी कोपऱ्यावर दाबून वरपासून खालपर्यंत ओढली, रोजच्यासारखी, आणि कडांचे तंतू आत दबून रेघ मिटली. दांडी हातात कधी आली, हे त्याला आठवत नव्हतं. तो टेबलाशेजारी जमिनीवर बसला आणि स्वतःच्या हातांवर इतका चिडला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. दातांच्या डॉक्टरीणबाई. गुडघ्यावर बसून त्यांनी चारही कोपरे पाहिले, नख फिरवलं, टेबल ठोकलं आणि पोकळ आवाज आल्यावर हसून म्हणाल्या, "ठाऊक असूनही फसते मी." जाताना बहिणीसाठी आणखी एक सांगून गेल्या.

दादा त्यांना दारापर्यंत सोडून आला आणि टेबलाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"करवत चव्वेचाळीसवर होती," तो म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळीच पाहिलं मी."

धाकट्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुझ्या हातून वाईट होत नाही, मला माहीत आहे. म्हटलं, राहू दे, स्वतःच निस्तरेल." दादाच्या आवाजात राग नव्हता. "तिकडे जायचंय का तुला? जायचं असेल तर सरळ सांग. मी काय बांधून ठेवलंय?"

आणि तो खरोखरच वाट बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता, माया होती, आणि धाकट्याला नेमकी ती मायाच बघवत नव्हती. धाकट्यानं तोंड उघडलं. तीन महिने पाठ केलेलं वाक्य अगदी ओठांशी आलं होतं.

"बाईंच्या बहिणीला कुठल्या लाकडात हवंय?" त्यानं विचारलं.

दादानं मान हलवली आणि मापाची वही आणायला आत गेला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मागून मुलीचा आवाज येत होता, बाबांशी मला बोलायचंय.

"टेबल झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"कसं झालं?"

खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं. फट राहिली, दादा चिडला, उद्या येतो, असंच सांगणार होता. मग तसं जावंच लागलं असतं.

"काय सांगू तुला," तो म्हणाला, "सांधा हुडकून सापडत नाही." आणि आपल्या आवाजातला अभिमान त्याला स्वतःलाच ऐकू आला.

तिलाही आला असणार.

"बरं," ती म्हणाली, आणि मुलीला न देताच तिनं फोन ठेवून दिला.