देव्हाऱ्यातला चौदाशे सात

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाएवढा गोल, पोटावर १४०७ हा आकडा आणि पाठीला एक अणकुचीदार काटा. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात मला टोचतात. हे जनावर कोणतं आणि कोणाचं, एवढंच सांगायचं माझं काम. पण स्वभावानं मी पहिल्यापासून चौकस. मुंबईच्या कारखान्यात यंत्राखालून बाहेर पडलो तेव्हापासून मनात एकच प्रश्न होता, की आपल्या नशिबी कोणाचा कान असेल?

तो निघाला पोशीर गावच्या काजळी नावाच्या म्हशीचा. साल एकोणीसशे त्र्याऐंशी, एप्रिल महिना. कर्जतच्या एका विमा कचेरीत खोपोलीचा वाल्मिक दोन महिने काम शिकायला आला होता. कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि चौकसपणात माझा थोरला भाऊ शोभला असता. कचेरीतल्या पोतनीस साहेबांबरोबर गावोगाव हिंडताना प्रश्न विचारून विचारून त्यानं त्यांचं डोकं उठवलं होतं.

काजळी सोनुबाईची. तिचा नवरा धाकलू दूध नेरळला घालायचा, आणि त्यावर घर चालायचं. अर्जात 'ओळखीच्या खुणा' असा एक रकाना असे. साहेब त्यात 'काळी म्हैस' लिहून मोकळे होत. वाल्मिकनं मात्र सोनुबाईलाच विचारलं, आणि बाई सुरू झाली ती थांबेचना. कपाळावर केसांचे दोन भोवरे, त्यातला डावा उलटा फिरलेला. शेपटीच्या गोंड्यात पांढरी बट. डाव्या शिंगाला करंगळीएवढी खाच. रकाना भरला तसं वाल्मिकनं समासात लिहिलं. साहेब हसून म्हणाले, आपण म्हशीचा विमा उतरवायला आलोय की तिला स्थळ बघायला? वाल्मिक ओशाळला, पण लिहिलेलं खोडलं नाही.

मग त्यानं मला चिमट्यात धरलं. त्याचा हा पहिलाच बिल्ला. सोनुबाईनं काजळीची मान कवटाळून विचारलं, "हा घातला का हिला काय होणार नाय ना रं?"

"काही होणार नाही, मावशी," तो घाईनं म्हणाला आणि त्यानं चिमटा दाबला.

कान फारसा दुखणार नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. बाईनं काय ऐकलं ते आम्हा दोघांना फार उशिरा कळलं.

कानातले दिवस मजेचे होते. दूध काढताना सोनुबाई गुणगुणायची, ते मला सगळ्यात आधी ऐकू यायचं. पण महिन्याभरानं काजळी करवंदीच्या जाळीत शिरली, काट्यात अडकली आणि कानाची कड फाडून मी खाली पडलो. सोनुबाईनं अख्खी दुपार शोधून मला काढलं, धुतलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. रोज हळदकुंकू वाहू लागली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मान कोणाला नको असतो? बिल्ला हरवला की कचेरीत कळवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो!

मेच्या शेवटी एका सकाळी काजळीच्या तोंडाला घोणस चावली. दहाच्या आत ती गेली.

धाकलू सायकल मारत नेरळला गेला आणि तिथून कचेरीत फोन लावला. वाल्मिक बॅग घेऊन पुढे आला, साहेब नंतरच्या एस.टी.नं यायचे होते. वाल्मिकनं आधी कान पाहिला. कान रिकामा होता. कानात बिल्ला नसेल तर भरपाई नाही, हा नियम त्याला पाठ होता, आणि भरपाई नाही तर या घरात दुसरी म्हैस येणार नव्हती.

धाकलूनं हळूच सुचवलं, की चिमटा आहेच, साहेब येईपर्यंत बिल्ला पुन्हा मारून टाक. वाल्मिकनं चिमटा बाहेर काढला. तेवढ्यात सोनुबाई मला तळहातावर घेऊन आली. माझ्या आकड्यात कुंकू भरलेलं होतं.

"तू म्हणालास ना रं, काय होणार नाय," ती म्हणाली. "म्हनून देवात ठेवला."

तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. वाल्मिकचं तोंड उतरलं. त्यानं चिमटा बॅगेत ठेवला, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून घडलं तसं सगळं लिहून काढलं, स्वतःच्या त्या उत्तरासकट. साहेब आल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. आता काम शिकल्याचा दाखला तर जाईलच, पण या बाईची भरपाईही आपल्यामुळे जाणार, असं त्याला वाटत होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग एप्रिलचा अर्ज काढला, चष्मा पुसला आणि मेलेल्या काजळीपाशी गुडघे टेकले. दोन भोवरे, डावा उलटा. गोंड्यातली बट. शिंगाची खाच. त्यांनी समासातली ओळ न् ओळ बोट ठेवून ताडून पाहिली, आणि खाली लिहिलं, 'ओळख पटली.' स्थळाची थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

बिल्ल्याऐवजी खुणांवर भरपाई द्यायची म्हणून कागद वरच्या कचेरीत गेला, आणि मंजुरी यायला दिवाळी उजाडली. सोनुबाईकडे नवी म्हैस आली, आणि साहेबांनी बिल्ला मारायला मुद्दाम वाल्मिकला बोलावलं. सोनुबाईनं म्हशीची मान कवटाळली आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी त्यानं घाई केली नाही.

"कान दोन दिवस दुखेल, मावशी. आणि म्हैस मरायची असली तर मरेल, बिल्ल्यानं ते टळत नाही. ती तुमचीच होती, एवढंच तो सांगतो."

सोनुबाईनं म्हशीच्या कानावरून हात फिरवला. "हे तवाच सांगायचंस," ती म्हणाली. "आता टोच."

मित्रांनो, मी अजून टाकाशेजारीच आहे. विझलेल्या निरांजनासारखा, पण आहे. आमच्यापैकी कोणी गळून पडला तर त्याला देव करू नका, कचेरीत नेऊन द्या. आपल्या जनावराचे भोवरे आपल्या डोळ्यांनी बघून ठेवा. आणि कोणी घाबरत घाबरत विचारलं, "काय होणार नाय ना?", तर उत्तर देण्याआधी त्याला कशाची भीती वाटते, ते विचारा.