पुढच्या उजव्या चाकाचा नट

घड्याळजींच्या दुकानात एक नियम होता. भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, पण त्यांच्या बायकोला तो तोंडपाठ होता: जे संध्याकाळपर्यंत बंद करता येणार नाही, ते सकाळी उघडायचं नाही. घड्याळाचं पोट उघडं राहिलं की आत धूळ बसते, बारीक स्क्रू एकमेकांच्या वाटीत जातात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस डोक्याला हात लावून बसतो. हा नियम पाळून घड्याळजींनी तीस वर्षांत एकही स्क्रू हरवला नव्हता. याच नियमाने त्यांना सहा वर्षं कसं नाचवलं, ते आता सांगतो.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आत्याची जुनी मोटार होती. उघड्या टपाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. एके काळी आत्या ती चालवायची आणि आतोबा शेजारी बसायचे. बायको गाडी चालवते आणि नवरा शेजारी बसून पेरू खातो, हे दृश्य बघायला तेव्हा लोक दारात येत. मागच्या सीटवर दहा वर्षांचे घड्याळजी असत. तेव्हा ते घड्याळजी नव्हते, नुसतेच भाचे होते.

त्या सफरींतली एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती. दर दोन-तीन मैलांवर आत्या गाडी कडेला घ्यायची, आतोबा सीटखालून तांब्याच्या डोक्याचा हातोडा काढून खाली उतरायचे आणि पुढच्या चाकावर ठाक, ठाक, दोन ठोके द्यायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "चाकाला झोप लागते रे. उठवावं लागतं." भाच्याने ते निमूटपणे मानलं. गाडीत आपल्याला झोप लागते, तर चाकाने काय घोडं मारलंय?

वीस वर्षांपूर्वी आतोबा गेले आणि महिन्याभरात आत्याने गाडी चालवणं सोडलं. "कंटाळा आला," एवढंच म्हणाली. चौदा वर्षं गाडी तिच्याकडे झाकून पडली. मग एक दिवस तिने किल्ली भाच्याच्या हातात ठेवली आणि घड्याळजींनी जोशात शब्द दिला, "आत्या, हिला उभी करतो आणि तुला पहिली चक्कर मारून आणतो."

इंजिन सुरू झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. अडलं ते एका नटावर.

या गाडीचं प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटाने धरलेलं असतं. नटाला दोन कान असतात, कानावर हातोडा मारला की तो आवळतो. डाव्या चाकांच्या नटांचे आटे सुलटे, उजव्या चाकांचे उलटे. म्हणजे चाक पुढे पळतं तसा त्याचा नट आपोआप आवळत जातो. ज्याने हे शोधून काढलं त्याला घड्याळजी मनातल्या मनात रोज नमस्कार करत. गाडीबरोबर नट मात्र तीनच आले होते. पुढचं उजवं चाक सुटं होतं, आणि ते जिथे बसायचं तो हब ग्रीस फासून, फडक्यात गुंडाळून, सुतळीने बांधलेला होता. आत्याला विचारलं तर म्हणाली, "पडला असेल कुठेतरी," आणि चहाचं आधण ठेवायला उठली. आधीचा चहा अजून कपात होता.

घड्याळजींनी सुतळीला हात लावला नाही. नट मिळाल्याशिवाय चाक बसणार नाही, चाक बसल्याशिवाय हब झाकला जाणार नाही, मग उघडायचं कशाला? नियम म्हणजे नियम.

उलट्या आट्यांच्या नटासाठी त्यांनी मग जंग जंग पछाडलं. दूरच्या एका निवृत्त कप्तानाकडे अशाच दोन गाड्या आहेत असं कळलं, म्हणून त्याला पत्र लिहिलं. त्याचं चार पानी उत्तर आलं. आपल्याला उजव्या बाजूचा नट कसा कुठेच मिळत नाही, याचं त्यात रसभरीत वर्णन होतं, आणि शेवटी विचारलं होतं की तुमच्याकडे एखादा जादा आहे का.

गावाबाहेर एक भंगारवाला होता. त्याच्या आवारात काय नाही असं नव्हतं, म्हणून सगळे त्याला कुबेर म्हणत. कुबेराने पहिल्याच वर्षी एक दोन कानांचा नट काढून समोर धरला. "घ्या साहेब. तुमच्या नटाचा जुळा भाऊ."

घड्याळजींनी तो रुमालाने पुसला, डोळ्याला भिंग लावलं आणि परत दिला. "सुलटे आटे आहेत. मला उलटे हवेत."

"उलटी माणसं सांगा, हवी तितकी दाखवतो," कुबेर म्हणाला. "आटे कुठून आणू?"

पुढच्या वर्षी त्याने तोच नट पुन्हा दाखवला. त्याच्या पुढच्या वर्षी परत. घड्याळजी दर वेळी भिंग लावत आणि दर वेळी मान हलवत. आशा वाईट असते.

अशी सहा वर्षं गेली. मग एका गुरुवारी आत्याचा फोन आला.

"लेक न्यायला आलीय," ती म्हणाली. "रविवारी दुपारी बाराची ट्रेन आहे. आता कायमचंच जायचं. चौऱ्यायशी झाली, परत येणं काही व्हायचं नाही."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"तू एक चक्कर मारून आणणार होतास. लक्षात आहे ना? का मी आपली वाट बघत बसलेय?"

"आहे ना. मारू की," घड्याळजी म्हणाले, आणि फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली चौदा घड्याळं चौदा वेगवेगळ्या वेळा दाखवत होती, पण रविवार जवळ आलाय यावर सगळ्यांचं एकमत असावं.

शुक्रवारी ते लेथवाल्याकडे गेले. इतकी वर्षं त्यांनी नवा नट बनवून घ्यायला नकार दिला होता. अस्सल तोच हवा म्हणून नाक वर करून फिरले होते. आता नाक खाली घेऊन विचारलं. लेथवाल्याने कॅलेंडरकडे बघितलं. "आधी ओतून घ्यावा लागेल, मग आटे पाडायचे. तीन आठवडे धरा." घड्याळजींनी कप्तानाला फोन लावला. कप्तान उत्साहाने म्हणाला, "मिळाला का?"

शनिवारी सकाळी शेवटचा उपाय म्हणून ते कुबेराकडे गेले. कुबेराने त्यांना फाटकातून येताना बघितलं आणि सरळ तो नट घेऊनच बाहेर आला.

"पुरे झाली थट्टा!" घड्याळजी भडकले. त्यांचा आवाज कोणी असा चढलेला ऐकला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

कुबेर गडबडला. मग त्याने तो नट त्यांच्या पिशवीत टाकला. "घेऊन जा हो. कागदावर वजन ठेवायला तरी होईल. मलाही आता त्याचं तोंड बघवत नाही."

दुपारी घड्याळजी शेडमध्ये स्टुलावर बसून होते. तीन चाकांवर उभी असलेली गाडी चौथ्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यावर टेकली होती. तेवढ्यात काठी टेकत आत्याच आली. मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन घड्याळजींची बायको.

"घरात नुसत्या बॅगा आणि आरडाओरडा," आत्या म्हणाली. "म्हटलं, आपण इकडे यावं." तिने गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली, दारावरून हात फिरवला. "नवीन असताना पण इतकी देखणी नव्हती रे."

घड्याळजींना ते ऐकवेना. "आत्या, उद्या जमणार नाही," ते म्हणाले. "नट मिळाला नाही. सगळं करून बसलो. मी तुला उगाच शब्द दिला."

बोलता बोलता त्यांनी बाहीने डोळे पुसले. त्रेपन्नाव्या वर्षी भाच्याला आत्यासमोर रडू येतं, त्याला इलाज नसतो.

आत्याने पिशवीतून डोकावणारा कान बघितला आणि नट बाहेर काढला. "मग हा काय आहे?"

"त्याचे आटे सुलटे आहेत. उजव्या चाकाला उलटे लागतात."

"कोण म्हणतं?"

"गाडीच्या पुस्तकात आहे. पान एकशे बारा."

आत्याने काठीचं टोक हबवरच्या फडक्याला टेकवलं. मग म्हणाली, "ते फडकं सोड."

"अगं, पण आता उघडलं आणि संध्याकाळपर्यंत..."

"अहो, उघडा!" बायको इतक्या जोरात म्हणाली की तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

घड्याळजींनी सुतळी कापली. वीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते निपटून काढलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, भिंग लावलं. बघितलं. भिंग काढून पुसलं आणि परत बघितलं. हबचे आटे सुलटे होते. त्यांनी कुबेराचा नट टेकवला आणि बोटाने फिरवला, तर तो लोण्यातून जावा तसा गेला.

"हा तर डाव्या बाजूचा हब आहे," ते पुटपुटले.

"आहेच डाव्या बाजूचा," आत्या म्हणाली. "मी एकदा गाडी मैलाच्या दगडावर घातली. उजवा हब फुटला. तुझ्या आतोबांना मोडीतल्या गाडीचा एक डावा तेवढा मिळाला, तो बसवला."

"पण मग नट चालता चालता सैल होणार!"

"व्हायचाच. दोन-तीन मैलांत. म्हणून तर थांबायचो."

घड्याळजी नट हातात धरून तसेच राहिले. ठाक, ठाक. चाकाला झोप लागते रे. आतोबांनी आपल्याला केवढी लोणकढी थाप मारली, आणि आपण त्रेचाळीस वर्षं ती जपून ठेवली, हे एकदमच त्यांच्या लक्षात आलं.

आत्या स्टुलावर बसली. "चालवायचं माझं, ठोकायचं त्यांचं. तसं ठरलेलंच होतं. ते गेले आणि मी एक दिवस एकटीच निघाले. शेजारची सीट रिकामी. माझं सगळं लक्ष तिकडेच. ठोकायचं कुणाच्या डोक्यात येतंय? वळणावर बघते तर माझंच चाक माझ्यापुढे पळतंय. मला वाटलं, कुणाचं बाई हे?"

बायकोला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. आत्याही हसली, पण तिचे डोळे भरले होते.

"नट नाल्यात गेला. मी शोधलाही नाही. लाज वाटली रे. त्यांनी एवढी वर्षं एकदा चुकवलं नाही, आणि मी पहिल्याच दिवशी विसरले. कुणाला काय सांगायचं?"

"मला सांगायचंस! सहा वर्षं, आत्या!"

"तू ते फडकं सोडायचंस," आत्या म्हणाली. घड्याळजींनी चाक उचलून आणलं. संध्याकाळ व्हायच्या आत चाक बसलं, नट आवळला. निदान नियम तरी मोडला नाही.

रविवारी सकाळी लेक सामानासकट टॅक्सीने स्टेशनवर पुढे गेली. त्याआधीच घड्याळजींनी पोलादी तार घेऊन नटाचा कान चाकाच्या तारेला घट्ट बांधून टाकला होता. घड्याळजीच तो, पिळा असा घातला होता की दिसायचाही नाही.

"आता नट सुटायचा नाही," त्यांनी बायकोला सांगितलं.

"म्हणजे वाटेत थांबायला नको?"

"नको."

"आत्यांना सांगणार?"

घड्याळजी हात पुसत राहिले.

आत्या नीटनेटकी साडी नेसून आली. घड्याळजींनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं, पण तिने मान हलवली. "मनगटात जोर नाही आता. तू चालव." ती शेजारच्या सीटवर बसली, सीटखाली हात घातला आणि तांब्याच्या डोक्याचा हातोडा मांडीवर घेतला.

गाडी निघाली. वारा तोंडावर यायला लागला तशी आत्याची पाठ ताठ झाली. एका सायकलवाल्याने बघता बघता आपली सायकल कठड्यावर घातली. आत्याला भारी आनंद झाला.

दोन मैल झाले. घड्याळजींनी गाडी कडेला घेतली आणि उतरायला लागले.

"बस तू," आत्या म्हणाली. "चालवणाऱ्याने उतरायचं नसतं."

एका हातात काठी, दुसऱ्यात हातोडा, अशी ती वळसा घालून उजव्या चाकाशी गेली आणि वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. घड्याळजींना दारावरून वाकल्यावर दिसलं की तिचं बोट नटाच्या कानावरून त्या तारेवर गेलंय, तिथेच थांबलंय. तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी स्टिअरिंगकडे बघितलं.

ठाक. ठाक.

ती परत येऊन बसली, हातोडा मांडीवर ठेवला, पदर सारखा केला.

"झोपलं होतं?" घड्याळजींनी विचारलं.

"गाढ," आत्या म्हणाली. "चल आता."

स्टेशन सहा मैलांवर होतं. वाटेत ते पाच वेळा थांबले.