न विचारता गेलेली माणसं

हक्क मागून मिळत नसतो. तो न विचारता बजावायचा असतो.

असलं वाक्य घोड्यावर बसलेल्या एखाद्या पुतळ्याखाली शोभलं असतं. आमच्याकडे ते पायवाट नोंदणीच्या सरकारी माहितीपत्रकात चौथ्या पानावर आहे, आणि त्याच्या लगेच खाली 'अर्ज काळ्या शाईने भरावा' अशी सूचना आहे. नेदरकोम गावच्या पंचायतीचा चिटणीस या नात्याने ते पत्रक मी एकवीस वर्षं कपाटात जपून ठेवलं होतं. वाचायची वेळ जाइल्स ऑर्पिन यांनी आणली.

ऑर्पिन म्हणजे सुवासिक मेणबत्त्या विकून गबर झालेले लंडनचे गृहस्थ. म्हातारा पर्सी हॅनफर्ड वारला, त्याचं शेत यांनी घेतलं आणि महिन्याभरात चर्चमागच्या फाटकाला कुलूप लागलं. कुलपाच्या वर पाटी: 'क्षमस्व. ही वाट खाजगी आहे. समजून घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार.' पाटी उद्धट असती तर गावाने त्याच दिवशी ती नदीत फेकली असती. पण आधीच आभार मानून बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. तीन आठवडे लोक फाटकापर्यंत जात, पाटी वाचत, "असं आहे होय," म्हणत आणि माघारी फिरत. पाटीवर उडालेला चिखल एकाने रुमालाने पुसला, असंही ऐकतो.

वाट म्हणजे काय, तर सॅलो नदीच्या काठाने चर्चपासून 'प्लाऊ' या दारूच्या गुत्त्यापर्यंत जाणारी अर्धा मैल माती. एका अंगाला पाणी, इतकं नितळ की मासा आधी दिसतो की त्याची सावली, यावर पैजा लागतात. दुसऱ्या अंगाला कुरण. मे महिन्यात ते पिवळ्या फुलांनी असं फुलतं की चरून आलेल्या गायींच्या नाकपुड्या आठवडाभर हळद लावल्यासारख्या दिसतात. मधे वाकलेले विलो, एका पायावर उभा असलेला राखी बगळा, नशीब असेल तर संध्याकाळी पाणमांजराचं ओलं डोकं. आणि वळणावर, मोडलेल्या विलोच्या खुंटावर, खंड्या. निळा रंग असा, की कुणीतरी चुकून जास्तीचा वापरला असावा.

त्या खंड्यासाठी हेस्टर पिम रोज सकाळी साडेसातला तिथे जात, आणि पाणमांजरासाठी संध्याकाळी पुन्हा. हेस्टरबाईंचं वय त्र्याऐंशी आणि दोन्ही गुडघे, डॉक्टरांच्या शब्दांत, 'वापरून झालेले'. खोऱ्यात आणखी अकरा वाटा आहेत, पण त्या गाव सोडला की थेट टेकडीच्या उरावर बसतात. सपाट वाट ही एकच. फाटकाला कुलूप लागलं तशा बाई सकाळी खिडकीत बसू लागल्या. खिडकीतून समोरच्यांचं गॅरेज दिसतं.

"माझी काही तक्रार नाही हो," त्या मला म्हणाल्या. "पण गॅरेज उडत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला लागली. पण सकाळी उठून मी ते पत्रक वाचलं.

कायदा सोपा होता. लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं उघडपणे, कुलूप-कुंपण न मोडता आणि कुणाची परवानगी न घेता चालले असतील, तर ती वाट लोकांची. मग जमीन मेणबत्तीवाल्याची असो की राणीची. पण परवानगी घेऊन चालला असाल तर तुम्ही पाहुणे; आणि पाहुण्याला हक्क नसतो, फार तर चहा असतो.

मी धावत हेस्टरबाईंकडे गेलो. "बाई, तुम्ही वीस वर्षं त्या वाटेने चालताय याचा काही लेखी पुरावा आहे का?"

"चौतीस," त्या म्हणाल्या आणि कपाटातून चौतीस डायऱ्या काढून टेबलावर रचल्या. रोजची नोंद, एक दिवस सुटलेला नाही. पुरावा असावा तर असा! मी मधलीच एक उघडली.

'१२ मे. ऊन. पर्सीला विचारलं, जा म्हणाला. खंड्या: होय.'

'१३ मे. पाऊस. पर्सीला विचारलं, जा म्हणाला. खंड्या: नाही.'

मी आणखी दहा पानं उलटली. त्याखाली बारीक लाल अक्षरांतही काहीबाही खरडलेलं होतं, पण ते वाचण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"तुम्ही रोज विचारत होतात?"

"म्हणजे काय! दुसऱ्याच्या शेतातून जायचं आणि विचारायचंही नाही? मी काय झाडावर वाढले?"

"एखाद्या दिवशी विसरला असाल..."

"कंबर धरली होती तेव्हा आठ दिवस गेले नव्हते. तेसुद्धा पर्सीला फोन करून कळवलं."

मी कायदा समजावून सांगितला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे विचारून विचारून मीच ती वाट घालवली?"

"कायद्याच्या दृष्टीने..."

"कायद्याची दृष्टी राहू दे. चहा घेणार ना?"

जिल्हा कचेरीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं की विचारणाऱ्यांचा उपयोग शून्य. न विचारता गेलेली निदान दहा माणसं आणा. दोनशे बारा वस्तीच्या गावात दहा उद्धट माणसं सापडणं म्हणजे हातचा मळ, असं कुणालाही वाटेल. मी फलकावर सूचना लावली: 'ज्यांनी कै. हॅनफर्ड यांना न विचारता त्यांच्या शेतातून ये-जा केली असेल, त्यांनी चिटणिसाकडे नाव नोंदवावे.' आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. उलट दोघांनी येऊन आवर्जून सांगितलं, की आपण त्यातले नव्हेत.

आठव्या दिवशी डेन्झिल क्रोकर आला. डेन्झिल शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर लोकांच्या मेंढ्या भादरलेला. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, कारण तो स्वतःच ते काम चोख करतो.

"काय रे चिटणीसा, 'उद्धट माणसं पाहिजेत' असं सरळ लिहायला लाज वाटली होय?"

"डेन्झिल, तुम्ही पर्सीला कधीच विचारलं नाहीत?"

"कशाला विचारू? एकोणऐंशी साली त्याच्या एडक्याने माझी डेलियाची फुलं खाल्ली, तेव्हा त्याने मला विचारलं होतं? तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच्या नाकासमोरून 'प्लाऊ'ला जातोय. ना तो बोलला, ना मी."

एवढं सुंदर वैर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण माणूस एकच, आणि हवे होते दहा. त्यावर डेन्झिल म्हणाला, "उरलेले नऊ मी देतो. मी रोज बघत होतो ना."

त्याने गुरुवारी 'प्लाऊ'मध्ये भर गर्दीत ग्लास आपटला. "बसलेत बघा, सभ्यतेचे पुतळे! ती म्हातारी तिकडे गॅरेज बघत बसलीय आणि तुम्ही अळीमिळी गुपचिळी. पाद्रीबुवा, तुमच्यापासून सुरू करू?"

पाद्रीबुवांनी सायडरच्या ग्लासात पाहिलं. "मी... मान हलवायचो."

"मान हलवणं म्हणजे विचारणं?"

"मला वाटतं, विचारण्याच्या दिशेने ते एक पाऊल असावं."

पोस्टातली मॉरीन म्हणाली, "मी काही तोंड चुकवून नाही गेले कधी. 'छान हवा आहे' म्हणायचे. तो म्हणायचा, 'टिकणार नाही.' आता ही परवानगी झाली का?"

प्रश्न बिनतोड होता, कारण निम्म्या गावाचं पर्सीशी पन्नास वर्षांत एवढंच बोलणं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीला फोन लावला. तिकडच्या बाईंनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना. दुपारी उत्तर आलं: हवेबद्दलचं संभाषण परवानगीत धरत नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात नऊ माणसं उभी होती, खाली माना घालून. त्यातला साठीचा एक गृहस्थ कानाशी लागून म्हणाला, "आईला एवढं कळू देऊ नका."

सप्टेंबरात गावच्या सभागृहात सुनावणी झाली. सरकारने पाठवलेल्या निरीक्षकबाई किडकिडीत होत्या. स्वतःचा थर्मास घेऊन आल्या होत्या आणि हसण्याचा त्यांना विशेष सराव दिसत नव्हता. ऑर्पिन यांच्या वतीने एक वकील होता, तोही मालकासारखाच मधाळ. आमच्या दहाजणांनी एकेक करून आपल्या असभ्यतेच्या शपथा वाहिल्या.

वकिलाने डेन्झिलला विचारलं, "मिस्टर हॅनफर्ड यांनी तुम्हाला कधी 'जा' म्हटलं नाही?"

"तो बोलतच नव्हता माझ्याशी."

"मग हरकत तरी घेतली का?"

"बोलतच नव्हता म्हटलं ना. तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

वकील गोड हसला आणि निरीक्षकबाईंकडे वळला. "सगळी भली माणसं आहेत. पण वीस वर्षांपूर्वी कोण कुठून गेलं हे आज कुणाला आठवणार? यांच्याजवळ लेखी काही आहे? एक चिठोरं तरी?"

आमचा डोलारा कोसळला हे मला कळत होतं. इतक्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्याजवळ आहे," हेस्टरबाई म्हणाल्या.

मी त्यांना घरीच बसायला सांगितलं होतं. डोळ्यांनी खुणावलं, डोकं हलवलं, शेवटी हातही जोडले. बाई बाजारहाटाची चाकांची पिशवी ओढत पुढे आल्या आणि चौतीस डायऱ्या टेबलावर मांडल्या. "विचारलंय तर दाखवायला नको का?" माझ्या बाजूने जाताना त्या पुटपुटल्या.

वकिलाने पहिली डायरी उघडली आणि त्याचा चेहरा दिवाळी असल्यासारखा उजळला. "'पर्सीला विचारलं, जा म्हणाला.' 'पर्सीला विचारलं, जा म्हणाला.' पुढे वाचू?" डेन्झिलने कपाळावर हात मारला. मी छतावरचा ओलीचा डाग बघू लागलो.

"थांबा," निरीक्षकबाई म्हणाल्या. त्यांनी डायरी स्वतःकडे ओढली. "मिसेस पिम, खाली हे लाल शाईने काय लिहिलंय?"

हेस्टरबाई लाल शाईहून लाल झाल्या. "ते खाजगी आहे. राग आला की लिहायचे."

निरीक्षकबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. "'१२ मे. आणि तो क्रोकर काल संध्याकाळी पर्सीच्या नाकासमोरून गेला. विचारलं नाही. पर्सीही काही बोलला नाही. काय ही रीत!' '१३ मे. क्रोकर. न विचारता.' '१४ मे. मॉरीन, कुत्र्यासकट. हवेचं बोलली, विचारलं नाही.' '१५ मे. पाद्री. नुसती मान. देवाघरचा माणूस!'"

पुढचे दोन तास त्या वाचत होत्या. खोऱ्यातला चौतीस वर्षांचा उद्धटपणा, तारीखवार, हवामानासह. स्वतः विचारून गेलेल्या बाईने न विचारता गेलेल्या एकूण एकाची नोंद ठेवली होती, आणि पर्सी ते डोळ्यांनी पाहून गप्प बसल्याचीही. आधी लोक नाव आलं की खुर्चीत घसरत होते. पहिल्या तासानंतर टाळ्या पडू लागल्या. दुसऱ्या तासाला लोक शेजाऱ्याला ढोसून विचारत होते, "माझं येऊन गेलं का रे?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक्केचाळीस माणसं पक्की झाली होती. ज्यांचं नाव आलं नाही ते दुखावले. साठीच्या गृहस्थाचं आलं होतं, सात वेळा. त्याची आई दुसऱ्या रांगेत बसून मोजत होती.

"चौतीस वर्षं माझ्यावर डोळा ठेवून होतात, बाई?" डेन्झिलने बाहेर आल्यावर विचारलं.

"तुमच्यावर नाही. तुमच्या वागण्यावर."

"विचारायचं नाही का कधी?"

"तुम्ही विचारत होतात कुणाला?"

फेब्रुवारीत निकाल आला: वाट लोकांची, कायमची. मिसेस पिम यांचं स्वतःचं चालणं हिशेबात धरता येत नाही, अशी तळटीप होती. बाईंनी निकालाचं पान फ्रेम करून लावलं, तळटिपेसकट.

दहा मेच्या रविवारी वाट उघडली. चर्चच्या सगळ्या घंटा वाजत होत्या. शेजारच्या गावाहून पितळी वाद्यांची पार्टी आली होती, पाच माणसांची, त्यातले तिघे सुरात. ऑर्पिन यांनी पाटी स्वतःच्या हातांनी काढली, हरल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले आणि फाटक उघडून बाजूला उभे राहिले. नेमकं तिथेच पर्सी उभा राहायचा.

सर्वांत पुढे हेस्टरबाई, निळी टोपी घालून. फाटकाशी येताच त्या थबकल्या. ऑर्पिनकडे पाहून त्यांचे ओठ हलू लागले.

"बाई!" मागून डेन्झिल ओरडला. "एक अक्षर नाही!"

"हवेबद्दल बोलू का?"

"हवेबद्दल चालेल."

बाईंनी मान ताठ केली. "छान हवा आहे," त्या म्हणाल्या.

"टिकणार नाही म्हणतात," ऑर्पिन म्हणाले. माणूस शिकत होता.

आणि हेस्टर पिम त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात प्रथमच कुणालाही न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्या. मागून सारं खोरं: कुत्री, बाबागाड्या, पाद्रीबुवा, तुतारीवाले. कुरण पिवळंधमक फुललं होतं. बगळा एवढी गर्दी पाहून तिरस्काराने उडून गेला. वाद्यं घुमत होती, टोप्या उडत होत्या, मॉरीन रडत होती, डेन्झिल तिला रडू नकोस म्हणून शिव्या देत होता. वळणावर विलोच्या खुंटासमोर बाई बरोबर आणलेल्या खुर्चीवर बसल्या. वाद्यं थांबली. दोनशे माणसं श्वास रोखून एका खुंटाकडे पाहत उभी राहिली. पाऊण तास.

त्या दिवशीची नोंद बाईंनी मला दाखवली. '१० मे. ढगाळ. न विचारता गेले. खंड्या: नाही.' खाली लाल शाईने काही नव्हतं.

खंड्या मार्चपासून बसथांब्यामागच्या पुलाखाली असतो. तिथवर डांबरी रस्ता आहे, सपाट.