फुई आत गेली की दिवे जातात

“ते फोनवर चालणारे दिवे बसवणारा निघायच्या आधी त्याच्या फोनातून तुमचं घर पुसून घे. समोर बसून पुसून घे,” असं प्रिस्किला मला फोनवर म्हणाली होती. प्रिस्किला माझी कॉलेजची मैत्रीण, नवापूरची, आता आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवते. माझ्या कडेवर रुचिका होती, गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, “अगं, दिवे आहेत ते, तिजोरी नाही.” आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी म्हसावदच्या आमच्या ओसरीवर शंभरेक माणसं जमली होती, आमचे दिवे विझताना बघायला.

“दखा, आते जाई आत,” शेजारची मोतीबाई सगळ्यांना सांगत होती, जणू तिनेच बसवले होते. फुई हातात निरांजन घेऊन देवघरात शिरली आणि बैठकीतले, ओसरीतले, देवघरातले सगळे दिवे एकदम गेले. गर्दीतून एक लांब हुंकार आला. फुई बाहेर आली, मिनिटभरात दिवे आले.

“पंखा तं चालू शे ना भो,” मागून कोणी तरी म्हणालं.

“पंखाले काय समजस?” मोतीबाईने त्याला गप्प केलं.

फुई म्हणजे भिकुबाई, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाली, तेव्हापासून याच घरात. सासूबाई गेल्यावर घर तिनेच सांभाळलं, माझ्या बाळंतपणात शेकशेगडी तिनेच केली. त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, “मी काय कयं व माय? दिवाच तं लावा मी.”

उत्तर द्यायला करणसिंग महाराज होते.

महाराज अक्कलकुव्याकडून गाडी करून आले होते. अंगावर भगवं, मनगटावर घड्याळ. थोडं हिंदी, थोडं गुजराती आणि मधेमधे शास्त्र. “ये बाई में ऋण ऊर्जा छे,” त्यांनी डोळे मिटून सांगितलं. “वायब्रेशन उलटा चालतो. दिवा म्हणजे देव. देव तिला बघून तोंड फिरवतो.” मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. “घरमें छोटा बच्चा है? बीमार पडा?”

पडली होती. तीन दिवसांपूर्वी रुचिकाला ताप चढून झटका आला होता. शहाद्याच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं की लहान मुलांना तापात असा झटका येतो, वय वाढलं की जातो, ताप उतरवत राहा. मी ते कागदावर लिहूनही घेतलं होतं. तरी महाराजांनी ते वाक्य टाकलं आणि मी उठून रुचिकाला फुईच्या मांडीवरून उचललं. हे मी केलं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईने.

फुईने हात तसेच पसरलेले ठेवले. मग पदरात घेतले.

आबा, म्हणजे माझे सासरे हिलाल आबा, मान खाली घालून म्हणाले, “बहीण शे मन्ही. पन घरमा लहान पोर शे.” त्याच संध्याकाळी फुईची वळकटी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पुढच्या शनिवारी गावासमोर शेवटची परीक्षा ठरली. फुई आत गेल्यावर दिवे गेले, तर तिने हे घर कायमचं सोडायचं, आणि शहादा रोडला तिच्या नावावर असलेला जमिनीचा तुकडा ‘शुद्धीसाठी’ महाराजांच्या मठाला द्यायचा. याच तुकड्यासाठी महाराजांचा माणूस गेल्या वर्षी येऊन गेला होता. फुईने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

सदुसष्टाव्या वर्षी ती कुठे जाणार होती, हे कोणीही विचारलं नाही. चंदनने, माझ्या नवऱ्याने, एकदा तोंड उघडलं. आबा म्हणाले, “तुले माले काय समजस?” त्याने ते मिटलं.

आता फुई नाही म्हटल्यावर सांजवात माझ्याकडे आली. आमच्या घरची रीत अशी की साडेसहाला घरातल्या कर्त्या बाईने हातपाय धुऊन एकटीने देवघरात जायचं. तिचा दिवा लागेपर्यंत दुसऱ्या कोणी उंबरा ओलांडायचा नाही. पहिल्याच संध्याकाळी मी आत गेले आणि दिवे गेले.

आता मीही. आपल्यालाही वळकटी बांधायला लावतील आणि रुचिकाला कोण घेईल, एवढंच डोक्यात होतं. मी अंधारातच वात लावली, बाहेर आले आणि लोडशेडिंगला शिव्या दिल्या. पंखा डोक्यावर फिरत होता. सुदैवाने पंख्याकडे कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवघरात चारदा गेले. काही नाही. संध्याकाळी साडेसहाला उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि माझ्या पायांमधून आमची मांजर नैवेद्याच्या दुधासाठी आत गेली.

सगळे दिवे गेले.

मी तिथेच बसले आणि हसले. मांजरीलाही ऋण ऊर्जा. तिच्या नावावर कुठे जमीन आहे ते बघायला हवं होतं.

हसू सरलं तेव्हा मान वर केली. चौकटीच्या वर, तोरणाच्या आड, अर्ध्या अंड्याएवढी पांढरी डबी चिकटवलेली होती. तीत बारीक लाल ठिपका चमकून गेला. दिवे बसवायला आलेला दिनेश ती लावताना मला म्हणाला होता, “हाई व्होल्टेजनं शे वहिनी, हात लावू नका.”

मी दार लावून प्रिस्किलाला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं, डबी दाखवली. तिने ‘तुला सांगितलं होतं’ म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, “ती हालचाल ओळखणारी डबी आहे. आता मेन स्विच पाड, बैठकीचा बोर्ड उघड, मागे दिवे चालू-बंद करणारं जे मॉड्यूल आहे त्याचं बटण कुठे आहे ते मला दाखव.”

मेन पाडून मी बोर्ड उघडला. मग मेन परत चालू करून लाकडी पाटावर उभी राहिले आणि रुचिकाच्या केसातल्या पिनेने ते बारीक बटण दाबून धरलं. निळा दिवा भराभर लुकलुकला. माझ्या फोनवर दिव्यांचं ॲप उघडलं, मॉड्यूल शोधलं. ते जोडलं जाईना. पडद्यावर ओळ आली की हे उपकरण आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे, त्याच्याकडून काढून घ्या. खाली त्या खात्याचा नंबर, मधले आकडे झाकलेले. शेवटचे तीन दिनेशचे होते.

मला आठवलं. बसवायच्या दिवशी नोंदणीला स्मार्टफोन लागणार होता. चंदन शेतात, आबांचा फोन बटणांचा, माझा चार्जिंगला. दिनेश म्हणाला होता, “मन्हाच नंबर टाकी देस, नंतर बदली ल्या.” आणि चहा पिताना त्याने सहज विचारलं होतं, घरात सांजवात कोण करतं. मीच कौतुकाने सगळी रीत सांगितली होती. वेळेसकट.

“म्हणजे घराचा मालक तो आहे,” प्रिस्किला म्हणाली. “तुम्ही नुसते राहता. त्याने ठरवून ठेवलंय की संध्याकाळी अमुक तासात या डबीसमोर कोणी हललं की दिवे बंद, हलणं थांबलं की चालू. उद्या सकाळी येते, सगळं मोडून तुझ्या नावावर करून देते.”

“नको,” मी म्हटलं. “शनिवारपर्यंत मोडायचं नाही.”

“चेतना, तुझा आवाज बरा नाही.”

नव्हताच बरा. मला तो महाराज नुसता हरायला नको होता. शंभर लोकांसमोर त्याचाच फास त्याच्या गळ्यात अडकलेला मला बघायचा होता.

शनिवारी दुपारी शहादा पोलीस ठाण्यात फोन करून मी तक्रार सांगितली. मग मळ्यात जाऊन फुईच्या कानात चार वाक्यं बोलले. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. ते मला मिळायलाच हवं होतं. महाराजांचं आसन बैठकीच्या कोपऱ्यात ठरलेलं होतं, कपाटाला लागून. सव्वासहाला मी तोरणामागची डबी सोलून काढली आणि कपाटाच्या कडेला, कोपऱ्याकडे तोंड करून चिकटवली. तिच्यासमोर फक्त आसन होतं.

साडेसहाला बैठक भरलेली होती. महाराज आसनावर डोळे मिटून निश्चल. दिनेश खांबाला टेकून. फुई निरांजन घेऊन निघाली, उंबरा ओलांडला, देवासमोर दिवा ठेवला, घंटा वाजवली, सावकाश बाहेर आली. दिवे लख्ख.

“गया नहीत,” मोतीबाई हिरमुसून म्हणाली.

महाराजांनी डोळे उघडले. “ठहरो,” म्हणून उजवा हात वर केला.

अंधार.

हात खाली आला. मिनिटभराने दिवे आले. महाराजांनी दिनेशकडे मान वळवली. अंधार.

“महाराज,” फुईचा आवाज आला, “तुमनामा बी ऋण ऊर्जा शे का?”

कोणी तरी फिसकन हसलं. मागून एक म्हातारा घाबरून ओरडला, “हाऊच शे, हाऊच बाधा शे, काढा त्याले बाहेर.” माणसं उठू लागली. मी एका शब्दात थांबवू शकले असते. थोडा वेळ थांबवलं नाही. तो वेळ मला आवडला.

तेवढ्यात त्या अंधारात एकच चेहरा उजळला. दिनेश घाईघाईने फोन काढून त्यावर वाकला होता. चंदनने जाऊन मनगट धरलं, फोन माझ्या हातात दिला. दिवे आल्यावर मी कपाटावरची डबी काढून सगळ्यांना दाखवली. तळहातावर धरली, समोर बोट हलवलं. दिवे गेले. रुचिकाने हात हलवला. दिवे गेले. मोतीबाईने पदर हलवून बघितला. गेले.

“यात देव नाही, करणी नाही. हालचाल ओळखणारी डबी आणि परक्या माणसाचा फोन,” मी सांगितलं. “बाधा या महाराजालाही नाही. तो नुसता चोर आहे. आणि हा दिनेश त्याचा भाचा.” फोनवर ‘मामा’ नावाने आठ न घेतलेले कॉल होते. मी त्या नंबरला लावला आणि महाराजांच्या भगव्यातून रिंग वाजली.

दोन-तीन पोरं बाह्या सरसावून पुढे आली. “मारू नका,” मी म्हटलं. “मारलंत तर उद्या हा हुतात्मा होईल. पोलीस येईपर्यंत याला हलायला लावा.” डबी मी परत कपाटाला लावली. मग एकेक जण पुढे येऊन म्हणत गेला, महाराज, हात वर करा. महाराज, आता मान हलवा. दिवे जात होते, येत होते. पोलिसांची गाडी येईपर्यंत पाऊण तास त्याने स्वतःचा चमत्कार करून दाखवला. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जवळ जाऊन बघितलं, खरं होतं.

आबा फुईच्या पायाशी बसले. ती म्हणाली, “मन्हा आठ दिन मोटारनी खोलीमा गयात. आते तुन्हा.” आबा वळकटी घेऊन गेले. आठही दिवस राहिले. रुचिकाला मी फुईच्या मांडीवर नेऊन ठेवलं, ती तिने घेतली. मला अजून ‘चेतना’ म्हणून हाक मारत नाही.

तुमच्या घरात दिवे आपोआप जात असतील, तर नारळ फोडायच्या आधी पंखा फिरतोय का बघा. वेळ लिहून ठेवा. माणसाऐवजी मांजर गेली तर काय होतं ते बघा. आणि मालक म्हणून कोणाचा नंबर आहे ते विचारा. बाईला विचारण्याआधी बोर्डाला विचारा.

आणि एक काम आहे. दिनेशच्या फोनात आमचं एकच घर नव्हतं. चार घरं होती, गावांची नावं नव्हती, प्रत्येकात बाईचं नाव आणि वेळ. आमच्यावर ‘भिकुबाई ६.३०’ लिहिलं होतं. दोघी सापडल्या, एक माहेरी, एक देवळाच्या ओट्यावर. चौथीचं घर दिनेश सांगत नाही आणि पोलिसांना अजून मिळालेलं नाही. तिथे लिहिलं आहे ‘पारुबाई ६.४५’. तुमच्या गावात नवे दिवे बसलेलं एखादं घर असेल आणि त्या घरातली म्हातारी बरेच दिवस दिसली नसेल, तर आज तिच्याकडे जा. गोठ्यात बघा, मोटारीच्या खोलीत बघा. ती जेवली आहे का, ते विचारा.