अडीच मिळवायचे राहिले

प्रबोधच्या लॅपटॉपमध्ये साडेसहा वाजले की हार्बरफ्रंटच्या त्याच्या ऑफिसात नऊ वाजलेले असत. घड्याळ त्याने मुद्दाम पुण्याच्या वेळेवर ठेवलं होतं. त्यात अडीच तास मिळवले की सिंगापूरची वेळ. लिफ्टची वाट बघताना, मीटिंगला निघताना, कॉफीचा कप विसळताना तो मनातल्या मनात अडीच मिळवायचा आणि कधी चुकायचा नाही. माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो, प्रबोधला याचा वाटे.

बायको स्मिता आणि मुलगी वल्लरी दीड वर्षापूर्वी पुण्याला परत गेल्या होत्या. वल्लरीला अकरावी-बारावी तिकडे करायची होती. "दोनच तर वर्षं आहेत," स्मिता विमानतळावर म्हणाली होती, आणि प्रबोधनेही "हो, बघता बघता जातील" असं म्हणून हात हलवला होता. बघत बसलं की ती जात नाहीत, हे त्याला मागाहून कळलं. पहिल्याच आठवड्यात त्याने फोनच्या वेळेचा असा घोळ घातला की ऑफिसला निघताना सहज म्हणून फोन लावला आणि तिकडे दोघींना पहाटे पाचला उठवलं. तेव्हा त्याने लॅपटॉपचं घड्याळ बदललं, मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचंही बदललं. पुण्यात रात्री आठला पानं घेतली जात, म्हणजे इकडे साडेदहाला. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये प्रबोध तोवर उपाशी राही, मग लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून बसे आणि तिघं एकत्र जेवत. वल्लरी त्याच्या ताटात डोकावून "बाबा, परत वरणभातच?" म्हणून हसे.

आठ महिन्यांपूर्वी वल्लरीचा संध्याकाळचा क्लास सुरू झाला. "रोज नको ना बाबा, आपण रविवारी बोलू," ती म्हणाली. रविवारीही कधी मैत्रिणीचा वाढदिवस निघे, कधी नुसताच कंटाळा. प्रबोधने तक्रार केली नाही. घड्याळ मात्र तसंच ठेवलं आणि जेवणही साडेदहाच्या आधी कधी घेतलं नाही. आत्ता तिकडे पानं मांडली असतील, स्मिता आमटी वाढत असेल, असं मनाशी म्हणून तो पहिला घास घ्यायचा. त्याला बरं वाटायचं. वेडेपणा म्हणा हवं तर. पण एकट्या माणसाचा वेडेपणा कुणाच्या वाटेत येत नाही, असा त्याचा ठाम समज होता, आणि तिथेच बिचाऱ्याचं चुकलं.

प्रबोध ज्या कंपनीत होता तिची पाव-केकची नऊ दुकानं होती, सगळी राहत्या वसाहतींमधली, ब्लॉकच्या तळमजल्यावरची. सकाळी आठला उघडायची, रात्री दहाला बंद व्हायची. कुठे, कधी, काय खपतं याची आलेख-चित्रं काढणं हे प्रबोधचं काम. त्याचं सॉफ्टवेअर मोठं गुणी होतं. वर्षाच्या खांबावर टिचकी मारली की त्याच्या चार तिमाह्या होत, तिमाहीचे महिने, महिन्याचे आठवडे, आठवड्याचे वार. चायनीज न्यू इयरच्या आधी रेघ टेकडीसारखी वर जाई, शाळांना सुट्ट्या लागल्या की खाली बसे. काळाचे असे तुकडे करताना प्रबोध खुशीत असायचा. नऊ दुकानांतल्या हजारो अनोळखी लोकांच्या सवयी त्याला तोंडपाठ होत्या, शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव मात्र ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात त्याच्या साहेबाने, केल्विनने, विचारलं होतं की संध्याकाळच्या पाळीची खरंच गरज आहे का. प्रबोधने दिवसाचे चार कप्पे केले: बारापर्यंत, बारा ते चार, चार ते सात आणि सात ते दहा. चार खांब उभे राहिले. पहिले तीन भरदार, आणि चौथा म्हणजे जेमतेम उंबरठ्याएवढा. ते चित्र त्याने प्रेझेंटेशनमध्ये चिकटवलं. केल्विनने त्याकडे एकदाच बघितलं. "क्लिअर लाह. आफ्टर सेव्हन, नोबडी," तो सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, आणि येत्या एक तारखेपासून नऊच्या नऊ दुकानांची शटरं सातला पडायची ठरली. प्रबोधची पाठ थोपटली गेली. पुढच्या महिन्यात त्याच्या कामाच्या पासचं नूतनीकरण होतं, म्हणजे इथे राहायचं की गाशा गुंडाळायचा हे केल्विनच्या शिफारशीवर होतं. तेव्हा पाठ थोपटली गेलेली बरीच.

एक तारीख पाच दिवसांवर आली असताना रविवार आला. फोन सिंगापूरच्या साडेसातला ठरला होता, पुण्यातल्या पाचला. सव्वासातला स्मिताचा मेसेज आला, 'वल्लीचा सराव पेपर आहे उद्या, आज नको.' प्रबोधने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं आणि खुर्चीत बसून राहिला. भूक लागायला अजून तीन तास होते. केस विंचरून, बरा शर्ट घालून बसलेल्या माणसाने करायचं काय? दीड वर्षात तो अशा वेळी कधी खाली उतरला नव्हता. त्याच्या लेखी ही चहाची वेळ, दिवस अजून पुष्कळ उरलेला. आज उतरला, उद्यासाठी पाव आणू म्हणून.

पलीकडच्या ब्लॉकखालचं दुकान त्याच्याच कंपनीचं. सकाळी MRT ची मेट्रो गाठताना आणि सहाला परतताना तो त्याच्यावरून जायचा, पण आत कधी गेला नव्हता. आज ते दुरूनच दिसलं आणि तो थबकला. रांग दाराबाहेर आली होती. बाहेरून फिरून परतलेली माणसं, लेंगा-चपलेतले म्हातारे, पोरांची बोटं धरलेल्या बाया. काउंटरवर सत्तरीला टेकलेली एक काटक बाई चिमट्याने बन उचलत होती, प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होती. तिच्या एप्रनवर 'गोह' असं नाव होतं.

प्रबोधचा नंबर यायला बारा मिनिटं लागली. "संडे म्हणून गर्दी?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"एव्हरी डे ऑल्सो लाइक धिस," मिसेस गोह म्हणाल्या. मग काचेवरच्या नोटिशीकडे त्यांनी चिमटाच रोखला. "हेड ऑफिस से, आफ्टर सेव्हन नोबडी कम. यू सी, यू सी. हू इज नोबडी? धिस अंकल नोबडी? यू नोबडी?"

रांगेतले हसले. प्रबोधला हसू येईना. त्याने चाचरत विचारलं की मग तुम्ही सकाळची पाळी घेणार का.

"मॉर्निंग गॉट इनफ पीपल." त्या पिशवीला गाठ मारत म्हणाल्या. "मॉर्निंग, आय अलोन ऑल्सो कॅन. मार्केट, एक्झरसाइज, फ्रेंड. इव्हनिंग कॅनॉट लाह. इव्हनिंग अ‍ॅट होम, ओन्ली टीव्ही टॉक टू मी." आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

घरी येऊन प्रबोधने पाव ओट्यावर टाकला आणि लॅपटॉप उघडला. चारही खांब जागच्या जागी होते. त्याने कप्पे मोडले आणि एक पायरी खाली, थेट तासांवर उतरला. दिवसाची पहिली विक्री दिसली पहाटे साडेपाचची. आठला उघडणाऱ्या दुकानात साडेपाचला नारळाच्या जॅमचा काया बन घेतला कुणी, भुताने? घोडं तिथेच पेंड खात होतं. दुकानातली यंत्रं विक्रीची वेळ लंडनच्या घड्याळाने साठवत, आणि सॉफ्टवेअर ती ज्याच्या त्याच्या लॅपटॉपच्या घड्याळात बसवून दाखवी. प्रबोधच्या लॅपटॉपमध्ये पुणं होतं. संध्याकाळची सगळी झुंबड त्याने पुण्याच्या दुपारी नेऊन ठेवली होती, आणि सातनंतरच्या कप्प्यात फक्त शेवटच्या अर्ध्या तासाचा चुरा उरला होता. जागेपणी प्रत्येक क्षणी अडीच मिळवत आलेला माणूस नेमका इथे मिळवायला विसरला होता.

त्याने घड्याळ सिंगापूरवर आणलं. खांब हलले आणि चौथा सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला.

आता यातलं कुणालाही कळलं नसतं. केल्विनकडे होतं ते चित्र, आणि चित्रातलं घड्याळ कुणी तपासत नाही. चूक झाकायला प्रबोधला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पास, पगार, पाठीवरची थाप, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. राहिली नसती ती फक्त त्या बाईची संध्याकाळ. आणि संध्याकाळ नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. तो घाबरला होता आणि त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं. त्याने स्मिताला फोन लावला.

"आत्ता?" ती म्हणाली. "बरा आहेस ना? मेसेज बघितला नाहीस का?"

प्रबोधने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिला भलत्याच गोष्टीचं आश्चर्य वाटलं.

"म्हणजे, तू अजून घड्याळ इकडचंच ठेवलंयस?"

"मग? तुमची जेवायची वेळ कळायला नको? आठला तुम्ही पानं घेता तेव्हा मीही बसतो. फोन नसला तरी."

"अरे प्रबोध," ती हळूच म्हणाली, "आम्ही आठला नाही जेवत आता. तिचा क्लासच नऊला सुटतो. साडेनऊ होतात. कधी ती बाहेरूनच खाऊन येते, मग मी काहीतरी खाते उभ्या-उभ्या. सांगितलं नव्हतं का तुला?"

"नाही."

"राहिलं असेल."

आठ महिने तो ज्या पंगतीला बसत होता ती पंगत कधीच उठली होती. त्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जी वेळ टिकटिकत होती, ती सिंगापूरची नव्हती आणि आता पुण्याचीही उरली नव्हती. त्या वेळेत तो एकटाच राहत होता.

"उद्या केल्विनला सांगतो मी," तो म्हणाला. "पास गेला तर... तिकडे येईन. चालेल ना?"

"म्हणजे काय," स्मिता म्हणाली. पण जरा उशिरा म्हणाली, आणि तो उशीर दोघांनाही ऐकू आला. मग ती घाईने बोलली, "खरं ते सांग बाबा उद्या. चूक झाली तर झाली. त्या बाईचं नको व्हायला नुकसान."

दुसऱ्या दिवशी त्याने केल्विनसमोर दोन्ही चित्रं ठेवली, चुकीचं आणि बरोबर, आणि चूक माझी आहे असं सरळ सांगितलं. केल्विनने बराच वेळ चष्मा पुसला. "बट व्हाय इंडिया टाइम?" त्याने विचारलं. प्रबोधने "फॅमिली" एवढंच उत्तर दिलं. निर्णय मागे घेतला गेला, दुपारपर्यंत नऊ दुकानांना तसं कळवलंही गेलं. प्रबोध दारापर्यंत पोचल्यावर केल्विन मागून म्हणाला, "युवर पास, नेक्स्ट मंथ वुई सी." त्यात धमकी नव्हती, आश्वासनही नव्हतं.

त्या संध्याकाळी साडेसातला प्रबोध पुन्हा त्या दुकानापाशी गेला. काचेवरची नोटीस काढलेली होती, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. मिसेस गोह चिमटा परजून उभ्या होत्या. नोटीस कुणामुळे लागली आणि कुणामुळे निघाली, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगण्याचं धैर्य काही प्रबोधला झालं नाही. बाकी सगळं सांगून झालं होतं, एवढं त्याने स्वतःला माफ केलं.

"यू अगेन," त्यांनी ओळखलं, आणि इकडे सगळेच विचारतात तसं विचारलं, "ईटन ऑलरेडी?"

जेवलास का? सवयीने तो अडीच मिळवायला गेला आणि थांबला. दुकानाच्या भिंतीवर पावणेआठ झाले होते. तेवढेच झाले होते.

"नॉट येट," तो म्हणाला.

"सो लेट! गो ईट," त्या दटावून म्हणाल्या, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी येऊन त्याने वरणभात केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून काटे फिरवले आणि सव्वाआठला पान घेतलं. सवयीने त्याने लोणच्याची बरणी समोर ओढली. मग तिच्यातून लोणचं वाढून घेतलं आणि झाकण लावलं. नऊला भांडी घासून झाली. पुण्यात साडेसहा वाजले होते, तिथे कुणाचंच पान इतक्यात मांडलं जाणार नव्हतं, आणि झोपायला अजून अख्खे अडीच तास होते.