मोफत वायफाय, सौजन्य अर्जुनराव

पोलीस भरतीच्या अंतिम यादीत माझं नाव आलं आणि त्याच आठवड्यात सायबर पोलिसांची नोटीसही आली. आमच्या घरच्या वायफायवरून नवाकोरा सिनेमा इंटरनेटवर चढवला गेला होता आणि कनेक्शन होतं माझ्या नावावर! चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की वर्दी गेलीच. माझं डोकंच फिरलं.

कारण वायफाय घरचं राहिलं होतंच कुठं? आमचे वडील, म्हणजे दादा, सरपंचकीला उभे आहेत. वाढदिवसाला त्यांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला होता. वर त्यांचा हसरा फोटो, खाली ‘अर्जुनरावांकडून गावाला मोफत वायफाय’ आणि त्याखाली ठळक अक्षरात पासवर्ड! नोटीस येताच मात्र तो गुपचूप उतरवला.

“फ्लेक्स कुठंय?” मी दादांना विचारलं.

“शेजारच्या आसारामला देला, शेळ्यांच्या छपरावर टाकायला. तुला कावून पायजे?”

मी स्कूटी काढली. छपरावर दादा उलटे होऊन हसत होते. पासवर्ड स्पष्ट दिसेल असे मी भराभर फोटो काढले, दादांना मागे बसवलं आणि वडवणीमार्गे थेट बीड गाठलं.

सायबरच्या तेजश्री मॅडम फोटो पाहून हसू दाबत म्हणाल्या, “कनेक्शन तुमचं, म्हणून आधी जबाब तुमचा. पण ज्यानं सिनेमा चढवला, गुन्हा त्याच्यावर. हा फोटो कामाचा आहे. फक्त तो माणूस सापडेपर्यंत चौकशी चालू राहील, आणि पडताळणीत तसंच लिहावं लागेल.”

रुजू व्हायला नऊ दिवस उरले होते. आख्ख्या गावातून माणूस शोधायचा तरी कसा? मी रडकुंडीला आले.

“म्याच चढवला,” दादा म्हणाले.

मी गर्रकन वळले.

“पेनड्राइव्हात मिळालता. गावानं फुकट बघावा म्हनून टाकला. गुन्हा असतो, हे ठाव न्हवतं. पोरीचं नाव काढा मॅडम, माझं लिहा.”

“निवडणूक आहे ना तुमची?” मी दादांना म्हणाले.

“हाय की. लिहा तुमी, मॅडम.”

जबाब झाला, सही झाली, दादांच्या नावाची नोटीस त्यांच्या हातात आली. परतताना वडवणीपर्यंत मी त्यांच्यावर ओरडत होते आणि रडतही होते. नोकरी वाचल्याचा आनंद तर पोटात मावत नव्हता, त्याची लाजही वाटत होती.

मागून दादा म्हणाले, “वरड, लई वरड. आता सरकारी माणूस हायेस तू.”