एकोणीस परक्या पेशी

आईच्या हातातून पहिल्यांदा ब्रश निसटला तेव्हा लेकीला वाटलं, वय झालं. आई दुकानांच्या पाट्या रंगवायची. पस्तीस वर्षं तिने पट्टी न लावता अक्षरं काढली आणि तिची ओळ कधी तसूभर उतरली नव्हती. मग एका हिवाळ्यात बोटं पांढरी पडायला लागली, पांढऱ्याची निळी झाली, आणि वर्ष सरता सरता हातांची कातडी अशी ताणून बसली की मूठ मिटेना. गालही ओढले गेले. आई हसायची, पण समोरच्याला ते कळायचं नाही.

लेक चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. तिथून सुटी काढून ती आईला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालत होती. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या होत्या. शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, आधी कातडी जाड होते, पुढे फुप्फुसं धरली जातात, असं त्यांनी सांगितलं. आजाराचं नाव एक, पण दहा जणांत तो दहा तऱ्हांनी वागतो, त्यामुळे एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पाण्यासारखं. आईवर दोन औषधं करून झाली होती. गुण शून्य, उलट्या मात्र पोटभर. आता उरला होता तो जालीम उपाय. रक्तातल्या राखणदार पेशी मारून टाकायच्या आणि नव्याने वाढू द्यायच्या. त्यात माणूस दगावूही शकतो, हेही बाईंनी सांगून टाकलं.

त्याआधी त्यांनी आईला वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे एक तरुण संशोधक होती. तिच्या चष्म्याची डावी काच वाकडी बसली होती आणि लेकीचं सगळं लक्ष आधी तिकडेच गेलं. आईने तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, पण प्रत्येक पेशी त्यातली थोडीच चालू ठेवते, असं चष्मेवालीने समजावलं. आजारी कातडीत कुठली चालू आहेत आणि कुठली बंद, ते मोजलं की कुठलं औषध लागू पडेल याचा अंदाज बांधता येतो.

"म्हणजे फळीवर डबे तेच," आई म्हणाली, "झाकण कुठल्याचं उघडलंय ते बघायचं."

चष्मेवाली खूश झाली. तिने आईच्या हातावरून शिसपेन्सिलीच्या बुडाएवढा तुकडा काढला आणि तीन आठवडे थांबायला सांगितलं.

दोन आठवड्यांतच फोन आला. नमुन्यात काहीतरी गोंधळ दिसतोय, पुन्हा द्यावा लागेल. लेकीचं डोकं फिरलं. तुमच्या धांदरटपणापायी आईला पुन्हा कापायचं का, असं ती तिथे जाऊन तोंडावर बोलली. या वेळी दुसऱ्या हातावरचा तुकडा घेतला, आणि तोही दुसऱ्या कुणीतरी. डबीवरचं नाव चष्मेवालीने आईला स्वतःला वाचायला लावलं.

त्यानंतर दोघींना एका छोट्या खोलीत बोलावलं. डॉक्टरीणबाई होत्या, चष्मेवाली होती, टेबलावर छापलेला एक कागद होता आणि त्यावर हजारो ठिपके. त्यातले थोडे लाल होते.

चष्मेवाली म्हणाली, "काकू, तुमच्या कातडीतल्या आठ हजार पेशी आम्ही एकेक करून तपासल्या. त्यातल्या एकोणीस पेशींत फक्त पुरुषांत असतात ती जनुकं चालू आहेत. आम्हाला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली. पण दुसऱ्या वेळीही तशा पेशी सापडल्या."

लेकीला हसू आलं. आईला दाढी फुटणार की काय, असं काहीतरी ती बोलणार होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. कधी रक्त चढवलं होतं? कुणाचा अवयव बसवला? जुळं भावंड? बाळंतपणं किती?

गेली दोन वर्षं आईच्या वतीने लेकच उत्तरं देत आली होती. तिने घडाघडा सांगून टाकलं. रक्त नाही, ऑपरेशन नाही, जुळं नाही, बाळंतपण एकच. "मीच ती," असं म्हणून ती मोकळी झाली.

"दोन," आई म्हणाली.

लेकीला आधी वाटलं, आईने प्रश्न चुकीचा ऐकला. तिने आईच्या दंडाला हात लावला. आई कागदावरच्या ठिपक्यांकडे बघत होती.

"मुलगा होता. हिच्या आधी तीन वर्षं. नऊ दिवस होता."

लेकीच्या कानात काच घासायच्या यंत्रासारखा बारीक आवाज सुरू झाला. अडतीस वर्षांची बाई ती. घरातलं एकुलतं एक पोर म्हणून लाडही तिचे आणि कामंही तिचीच. लहानपणी भाऊ पाहिजे म्हणून तिने केवढा गोंधळ घातला होता, आणि आईने तिला समजावून समजावून झोपवलं होतं. तेव्हाही हे आईच्या पोटात होतं.

चष्मेवालीने हातातलं पेन खाली ठेवलं होतं. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, ती हळूहळू सांगू लागली. काही तिथेच मुक्काम ठोकतात, तीस-चाळीस वर्षंसुद्धा. असं होतं हे ठाऊक होतं, पण इतक्या स्पष्टपणे तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. या त्याच मुलाच्या असं ती शपथेवर सांगू शकत नव्हती, पण दुसरं कारणही सापडत नव्हतं.

"आत्ता आहेत त्या?" आईने विचारलं. "जिवंत?"

"जिवंत आहेत. तपासलेल्या एकोणीस संपल्या, पण तशाच बाकीच्या तुमच्या अंगात असणार. मेलेल्या पेशीत जनुकं चालू नसतात, काकू. यांची चालू होती, म्हणून तर आम्हाला दिसल्या."

आईने ताठ झालेला हात उचलून दुसऱ्या हातावरच्या पट्टीवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. तिचा ओढलेला चेहरा काही सांगत नव्हता, पण डोळ्यांतून धार लागली होती. दोन वर्षांच्या दुखण्यात लेकीने तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून लेकीने विचारलं, माझ्याही असतील का आईत? असणारच, चष्मेवाली म्हणाली, पण मुलीच्या पेशी आईच्या पेशींत मिसळून जातात, या चाचणीत वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणजे नऊ दिवस राहून गेलेला ओळखू येतो आणि अडतीस वर्षं उशाशी बसलेली येत नाही. लेकीला हसावं की ओरडावं कळेना.

मग डॉक्टरीणबाईंनी खरी कामाची गोष्ट काढली. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि आईच्या बाकीच्या पेशींत अशा एका ठरावीक निरोपाची जनुकं बेफाम चालू होती. तो निरोप अडवणारं इंजेक्शन सांधेदुखीच्या एका आजारासाठी आधीपासून वापरात होतं. आईसारखाच नमुना असलेल्या अकरा जणांना ते दिलं होतं. आठांना गुण आला, तिघांना नाही. जालीम उपाय तूर्त बाजूला ठेवता येणार होता.

आईने तेवढंच विचारलं, या औषधाने त्याच्या उरलेल्या पेशी मरतील का?

बाईंनी सांगितलं, हे औषध पेशी मारत नाही, फक्त निरोप अडवतं. पण तशा पेशी तिथे काय करतात हेच अजून कुणाला नीट कळलेलं नाही. काहींच्या मते आजाराचं भांडण अशा पेशींवरूनच पेटतं, काहींच्या मते त्या डागडुजी करतात. औषधाने त्यांचं काय होईल, याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या.

"मग मला नको," आई म्हणाली आणि उठली.

दोघी बसने घरी परतल्या. घरी बाबा स्वयंपाकघरात चाकूला धार लावत होते. त्यांचा जन्म बेकरीत भट्टीसमोर गेला होता आणि निवृत्त झाल्यावरही हाताला काम लागायचंच. लेकीने पर्स टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला भाऊ होता आणि तुम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलंत. आता त्याच्या एकोणीस पेशींसाठी आई औषध नाही म्हणते.

बाबांनी चाकू खाली ठेवला. मुलाबद्दल बोलायचं नाही, ही अट त्यांनी घातली होती, हे लेकीला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं. बोललं की आई दिवसचे दिवस अंथरुणातून उठायची नाही, म्हणून. पुढे ती उठायला लागली, पण अट तशीच राहिली.

"कुठे आहेत त्या?" त्यांनी विचारलं.

आईने हात पुढे केला. बाबा त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढून आईला बसवलं आणि तिच्यासमोर बसले. "तू गेलीस तर त्या कुठे जाणार?" ते म्हणाले. "अट माझी होती, ती चुकली. पण औषध घे."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने लेकीला दुकानात फोन करून इंजेक्शनची वेळ घ्यायला सांगितलं, आणि वर ऐकवलं, "तुझ्यासाठी घेतेय. ओळखू येत नसलीस तरी."

लेक काचांच्या ढिगाऱ्यापुढे बसून हमसाहमशी रडली.

पहिले दोन महिने ढिम्म फरक पडला नाही. आपण त्या तिघांतले, असं आईने मनाशी ठरवूनही टाकलं. चौथ्या महिन्यात तिला बाटलीचं झाकण उघडता आलं. सातव्यात कातडी चिमटीत धरता यायला लागली आणि फुप्फुसांतला आजार होता तिथेच थांबला. मूठ पूर्ण मिटली नाही, डॉक्टरीणबाईंच्या मते ती मिटणारही नव्हती. लेकीने ब्रशच्या दांड्याला रबरी नळी चढवून तो जाड करून दिला. आईची अक्षरं थोडी थरथरली, पण ओळ धरून राहिली.

आठव्या महिन्यात चष्मेवालीने पुन्हा तुकडा घेतला. बेफाम जनुकं बरीच शांत झाली होती. लाल ठिपका मात्र या वेळी एकही नव्हता. एवढ्याशा तुकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही, असं चष्मेवाली चाचरत सांगत होती. आईनेच तिला थांबवलं.

"एवढ्याशा तुकड्यात नसेल. बाकीची मी आहे की."

लेकीला वाटलं होतं, आई कोसळेल.

घरात आता त्या नऊ दिवसांबद्दल बोलणं निघतं. अंगण झाडावं तसं रोज थोडं थोडं. लेक कामावरून येते तेव्हा कधी दोघं वाद घालत असतात.

"दोन किलो तीनशे भरला होता," बाबा म्हणतात.

"साडेतीनशे."

"मी वजनकाट्यासमोर उभा होतो."

"आणि मी त्याला उचलून घेतलं होतं," आई म्हणते.

लेक चप्पल न काढता दारातच थांबते आणि ऐकत राहते.